पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा नमुना

केळीवर येणाऱ्या कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाला जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलकडचे शेतकरी ‘हरण्या’ म्हणतात. कोवळ्या पानांवर शिरांच्या दिशेने पिवळे पट्टे उमटतात, पुढे पान आकसते, आणि ढगाळ, पावसाळी हवा टिकून राहिली तर पोंगा, म्हणजे मधला न उलगडलेला कोंबच सडतो. एकदा रोपात विषाणू शिरला की ते उपटून नष्ट करण्याखेरीज उपाय उरत नाही. २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतील बागांमधून पानांचे चौतीस नमुने गोळा केले. विषाणूचा जनुकीय क्रम, म्हणजे त्याच्या जनुकांतील रासायनिक अक्षरांची क्रमवारी काढायची आणि ती जगातल्या कोणाही संशोधकाला पाहता येईल अशा सार्वजनिक संग्रहात जमा करायचा, एवढेच काम मी स्वतःकडे घेतले होते. पहिला भाग चार-सहा महिन्यांत उरकेल आणि दुसरा एका दुपारी, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात दुसऱ्या भागाने वर्ष घेतले.

चौतीसपैकी बावीस नमुन्यांत विषाणू सापडला. विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनाच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार करून आम्ही त्याचा क्रम वाचून घेतला. या जनुकाची लांबी ६५७ अक्षरे असते, आणि बावीसपैकी एकोणीस नमुन्यांचे वाचन भरवशाचे निघाले. आठ निवडक नमुन्यांतील संपूर्ण आरएनए, म्हणजे जनुकीय माहिती वाहणारा रेणू, मात्र बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला, कारण या विषाणूचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, एका धाग्यात नसून आरएनएच्या तीन वेगळ्या तुकड्यांत वाटलेला असतो आणि ते तिन्ही पूर्ण हवे असतील तर एका जनुकाच्या वाचनाने भागत नाही. दोन महिन्यांनी कुरिअरने हार्ड डिस्क आली. प्रत्येक नमुन्याच्या दोन फाइली, प्रत्येक फाइल आवळलेल्या स्वरूपात सुमारे अडीच जीबी, म्हणजे एकूण चाळीस जीबीच्या आसपास. मोठ्या संस्थांना हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण आमच्या विभागात तोवरचा सर्वात मोठा डेटा म्हणजे वनस्पतिसंग्रहाची छायाचित्रे होती. डिस्कसोबतच्या पत्रात लिहिले होते की प्रयोगशाळा आपल्याकडील प्रत तीन महिन्यांनंतर पुसून टाकेल. त्याच संध्याकाळी मी आणखी दोन डिस्क विकत आणल्या, एक विभागाच्या कपाटात ठेवली आणि दुसरी घरी नेली.

त्या फाइलींमध्ये काय असते हे एकदा उघडून पाहिल्यावर समजते. प्रत्येक छोट्या वाचनाला चार ओळी असतात: पहिली त्याच्या नावाची, दुसरी ए, सी, जी, टी या अक्षरांची, तिसरी नुसत्या अधिक चिन्हाची, आणि चौथी ओळ त्यातील एकेका अक्षरावर यंत्राचा किती विश्वास आहे ते सांगणाऱ्या चिन्हांची. गुण तीस असेल तर ते अक्षर चुकीचे असण्याची शक्यता हजारात एक. अशी कोट्यवधी वाचने होती आणि त्यांतील बहुतेक केळीची स्वतःची होती, कारण आम्ही पान वाटून आरएनए काढला होता आणि पान केळीचे असते. त्यामुळे नोंदणीच्या पहिल्याच पानावर अडलो. नमुना कोणत्या जीवाचा, केळीचा की विषाणूचा? बराच वाद घालून आम्ही कच्च्या वाचनांचा नमुना केळीचा म्हणून नोंदवला, आणि त्यातून जुळवलेले विषाणूचे जीनोम विषाणूच्या नावाने वेगळे दिले.

हे सारे जिथे जाते ती व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील बेथेस्डा येथील जेनबँक, इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन येथील युरोपीय संग्रह आणि जपानमधील मिशिमा येथील संग्रह हे तिघे एकमेकांना दररोज नव्या नोंदी देतात. त्यामुळे कोठेही एकदा जमा केलेला क्रम तिन्ही ठिकाणी दिसतो. जेनबँक १९८२ पासून चालू आहे आणि त्यातील अक्षरांची संख्या साधारण दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत आली आहे. तेथे क्रम पाहायला किंवा उतरवून घ्यायला खाते लागत नाही. जमा करणाऱ्याला मात्र खाते लागते, आणि एक अॅक्सेशन क्रमांक मिळतो. लेखात, अहवालात, पुढच्या संशोधनात त्या क्रमाची ओळख तोच.

खरी अडचण क्रमांत नव्हती. क्रमासोबत जायच्या माहितीत होती. कोणत्या वनस्पतीतून घेतला, कोठून, कोणत्या तारखेला, कोणी, हे सारे एका तक्त्यात भरायचे होते. संगणकाच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात. आमच्याकडे तो नानांच्या वहीत होता.

नाना आमचे क्षेत्र-सहायक. निवृत्तीला आलेले, रावेरकडच्या एकेका बागेचा मालक, पाण्याची वेळ आणि कुत्र्याचे नाव ठाऊक असलेले. नमुने बहुतांश त्यांनीच गोळा केले होते आणि प्रत्येक नमुन्यापुढे त्यांच्या पद्धतीने नोंद केली होती. काही ठिकाणी रीतसर तारीख होती. काही ठिकाणी ‘नागपंचमी, सावद्याच्या अलीकडे, ग्रँड नैन, मृगबाग’ असे होते; ग्रँड नैन ही केळीची जात आणि मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली बाग. चौदाव्या नमुन्यापुढे लिहिले होते, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाटाच्या कडेची बाग, आषाढीला लावलेली’. मी पंचांग काढून बसले. २०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला होती, नागपंचमी १३ ऑगस्टला आणि पोळा ६ सप्टेंबरला. म्हणजे चौदावा नमुना ७ सप्टेंबरचा. त्या काळात तारखेचा रकाना रिकामा सोडूनही जेनबँकेत नोंद होत असे आणि एका सहकाऱ्याने मला तसे सुचवलेही होते. आता तशी सोय उरलेली नाही, कारण २०२४ च्या अखेरीपासून या तिन्ही संग्रहांनी ठिकाण आणि संकलनाची तारीख सक्तीची केली आहे, आणि ती खरोखरच देता येत नसेल तर का देता येत नाही तेही ठरावीक शब्दांत सांगावे लागते. तुलनेसाठी केळीवरील या विषाणूच्या जुन्या नोंदी चाळताना ठिकाणाच्या जागी नुसते ‘भारत’ आणि तारखेच्या जागी काहीच नाही अशा नोंदी मी पाहिल्या होत्या. त्यांतील क्रम निर्दोष असतीलही, पण विषाणू कोणत्या वर्षी कोणत्या भागात कसा बदलला हे शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. म्हणून पंचांग.

तक्ता भरण्याचे काम प्रकल्पावर असलेल्या एका विद्यार्थिनीने केले. ती परराज्यातून आलेली, कामसू आणि नेटकी. तिच्या हातून झालेल्या चुका खरे तर आमच्याच होत्या, कारण वहीतले शब्द आम्ही तिला समजावून सांगितले नव्हते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या केळीला आपल्याकडे कांदेबाग म्हणतात. कांद्याशी त्या बागेचा संबंध नावापुरता. तिने शब्दकोशात ‘कांदा’ पाहिले आणि अकरा नमुन्यांपुढे यजमान वनस्पती म्हणून ‘अॅलियम सेपा’, म्हणजे चक्क कांदा, लिहून टाकले. संग्रहाच्या तपासणीने हरकत घेतली नाही. घेणार तरी कशी, हा विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर नोंदवला गेलेला आहे. संगणकाच्या दृष्टीने कांद्यावर तो सापडण्यात वावगे काही नव्हते. मी सहज तक्ता खाली सरकवत असताना ही अकरा नावे दिसली नसती तर खानदेशातील कांद्यावर या रोगाचे अकरा भक्कम पुरावे आज जगभर उपलब्ध असते.

तारखांची कथा याहून वाईट. वहीतल्या तारखा आम्ही नेहमीप्रमाणे दिवस, महिना, वर्ष अशा लिहिल्या होत्या. विद्यार्थिनीच्या संगणकावर एक्सेल अमेरिकन पद्धतीने लावलेले होते, त्यात महिना आधी येतो. परिणामी ‘०७/०९/२०२१’ ही सात सप्टेंबरची नोंद त्याने नऊ जुलै अशी वाचली आणि कसलाही आवाज न करता तशी साठवली. ‘१३/०८/२०२१’ मात्र त्याला वाचता आली नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती त्याने मजकूर म्हणून जशीच्या तशी राहू दिली. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंतचे नमुने चुकले आणि तेरापासूनचे बरोबर राहिले. आम्ही जे काही तपासून पाहिले ते योगायोगाने बरोबर निघत गेले. चूक उघडकीस आणली ती चौदाव्या नमुन्याने. नानांच्या नोंदीप्रमाणे ती बाग आषाढीला, म्हणजे २० जुलैला लावलेली होती, आणि तक्ता सांगत होता की तिच्यावर हरण्या ९ जुलैला आढळला. रोप जमिनीत जाण्यापूर्वी अकरा दिवस त्याला रोग झाला होता. नानांनी ‘आषाढीला लावलेली’ हे दोन शब्द लिहिले नसते तर ही चूक मला कधीच सापडली नसती. त्यानंतर आम्ही सर्व तारखा महिन्याचे नाव अक्षरांत लिहून नव्याने भरल्या आणि तक्ता एक्सेलमध्ये पुन्हा उघडायचा नाही असा नियम केला.

अक्षांश-रेखांशांच्या बाबतीत संगणक अधिक जागरूक निघाला. एका नमुन्यात दोन्ही आकडे अदलाबदल होऊन बसले होते. रावेर साधारण २१ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व येथे आहे. आकडे उलटले की केळीची बाग स्वालबार्डजवळच्या बर्फाळ समुद्रात जाते. ठिकाणाच्या रकान्यात ‘भारत’ आणि आकडे आर्क्टिक समुद्राचे, ही विसंगती तपासणीने लगेच पकडली. विभागात आम्ही दोन दिवस त्यावर हसत होतो. नानांना मी नकाशा दाखवला तेव्हा ते म्हणाले, “तिथं हरण्या तरी येणार नाही, ताई. मावा गारठून मरेल.” शास्त्रीय दृष्ट्याही त्यात खोट नव्हती, कारण हा विषाणू झाडाझाडांत मावा ही कीडच पसरवते.

क्रमांच्या तपासणीविषयी थोडक्यात लिहिते. एकोणीसपैकी एका क्रमाची लांबी ६५७ ऐवजी ६५६ भरली. एक अक्षर गळाले की पुढचे सगळे तीन-तीनचे गट सरकतात आणि प्रथिनाच्या मध्येच थांबण्याची खूण उभी राहते. तशी ती उभी राहिली आणि नोंद परत आली. वाचणाऱ्या यंत्राचा मूळ आलेख काढून पाहिला तेव्हा सलग चार ‘ए’ होते आणि वाचताना तीनच धरले गेले होते. बाकी दोन क्रम उलट्या दिशेने भरले होते, ते पाच मिनिटांत सुधारले. बेथेस्डाहून येणाऱ्या पत्रांची भाषा नेमकी आणि सौजन्याची असे. ती रात्री येत, कारण त्यांचा दिवस आपल्या रात्री असतो.

कच्च्या फाइली चढवणे हा मात्र धीराचा भाग होता. दिवसा महाविद्यालयाचे इंटरनेट विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज भरण्यात गुंतलेले, म्हणून रात्री दहानंतर अपलोड सुरू करून मी घरी जात असे. गणिताप्रमाणे एक-दीड रात्र पुरायला हवी होती, पाच लागल्या. दोनदा वीज गेली, एकदा जोडणी अर्ध्यावर तुटली. फाइल पूर्ण पोहोचली की नाही हे तिच्या आकारावरून ओळखण्याची चूक मी सुरुवातीला केली. खरा मार्ग चेकसमचा. प्रत्येक फाइलवरून गणिताने बत्तीस अक्षरांचा एक ठसा काढला जातो, आणि फाइलीतील एक अक्षर जरी बदलले तरी तो ठसा पूर्ण वेगळा येतो. आमच्या सोळा फाइलींपैकी एकीचा ठसा तिकडे जुळेना. तीनदा चढवूनही जुळला नाही. शेवटी लक्षात आले की बिघाड प्रवासात नव्हता, आमच्या विभागातील डिस्कवरच होता. मी त्या पहिल्या संध्याकाळी घरी नेलेल्या डिस्कवरची प्रत तपासली, ती शाबूत होती.

एवढे झाल्यावर सर्व नोंदी प्रसिद्ध करण्याचे बटण दाबायचे बाकी होते, आणि तेव्हा चौदाव्या नमुन्याच्या बागेचे मालक, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, ते नानांबरोबर विभागात आले. नमुने घेताना आम्ही त्यांची परवानगी घेतली होती, पण ती पान तोडण्याची होती. त्या पानाची माहिती जगाला दिसेल, गावाच्या नावासह दिसेल, हे आम्ही सांगितलेच नव्हते. ते शांतपणे बोलले. “मॅडम, रोग काय, सगळ्यांकडे आला. पण कम्प्युटरात नाव आमच्याच गावचं राहील. नवापूरचं काय झालं, ते पाहिलं ना आपण?”

नवापूर खानदेशाच्या दुसऱ्या टोकाला, गुजरातच्या सीमेवर. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील कोंबड्यांच्या बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तेथे नोंदवला गेला आणि तेथील कुक्कुटपालक देशोधडीला लागले. २०२१ च्या सुरुवातीला तो रोग तेथे पुन्हा आला होता, त्यामुळे आबांच्या मनात ते नाव ताजे होते. त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला नाव देण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात तो कोणत्या प्राण्यातून आणि कोठे मिळाला ते नावाचाच भाग असते, आणि म्हणून त्या उद्रेकातील विषाणूंच्या नोंदींत ‘नवापूर’ हा शब्द कायमचा कोरलेला आहे. रोगांना ठिकाणांची नावे देऊ नयेत अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. ती रोगांच्या नावांपुरती आहे, संग्रहातील नोंदींना ती लागू होत नाही.

आबांचा प्रश्न एका बागेचा होता, पण तोच प्रश्न देशांनीही विचारलेला आहे. बर्ड फ्लूच्याच काळात इंडोनेशियाने आपले विषाणूंचे नमुने बाहेर देणे थांबवले होते. आम्ही नमुने द्यायचे, त्यांवरून लस दुसऱ्यांनी बनवायची आणि ती आम्हालाच परवडू नये, हे त्यांना मान्य नव्हते. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर २००८ मध्ये ‘जिसएड’ हा वेगळ्या नियमांचा संग्रह सुरू झाला. तेथे डेटा पाहणाऱ्याला स्वतःची ओळख द्यावी लागते आणि तो वापरताना देणाऱ्याचे श्रेय मान्य करावे लागते. करोनाच्या काळात याच संग्रहाचे नाव वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले. जेनबँकेत असे काही बंधन नाही, आणि वनस्पतींच्या विषाणूंसाठी नेहमीचा रस्ता तोच. सरकारी पैशातून तयार होणारा जैविक डेटा देशातही जपला जावा म्हणून फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राला अर्पण झाले आहे, आणि तेथे खुल्या नोंदींबरोबर नियंत्रित प्रवेशाच्या नोंदींचीही सोय आहे. मी त्या मार्गाचा विचार केला, पण हरण्याचा डेटा कुलूपबंद ठेवण्याइतका नाजूक आहे असे मला वाटले नाही. बंद ठेवला असता तर त्याचा फटका आबांसारख्यांनाच बसला असता, कारण तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रापासून कोणालाही त्याच्याशी तुलना करायची झाली असती तर माझ्या परवानगीची वाट पाहावी लागली असती.

तोडगा दशांश चिन्हात सापडला. अक्षांशात चार दशांश स्थळे दिली तर ती जागा अकरा मीटरच्या आत ठरते, म्हणजे बाग सोडाच, बांधही ओळखता येतो. एकच स्थळ दिले तर अकरा किलोमीटरचा पट्टा येतो. रोगाच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्याला तालुका आणि तारीख पुष्कळ असते. आम्ही सर्व चौतीस नमुन्यांचे आकडे एका दशांशापर्यंत आणले, ठिकाणाच्या रकान्यात महाराष्ट्र, जळगाव जिल्हा आणि तालुका एवढेच ठेवले, आणि गावांची यादी नानांच्या वहीतच राहू दिली. विषाणूच्या नावाच्या पुढे जोडायच्या सांकेतिक नावातूनही गावाची आद्याक्षरे काढली. यासाठी भरलेला तक्ता पुन्हा एकदा पूर्ण बदलावा लागला आणि एका विषाणूच्या तिन्ही तुकड्यांवर तेच नाव, अगदी मधल्या आडव्या रेघेसह, जुळले आहे ना हे पाहण्यात आठवडा गेला. ते जुळले नाही तर हे तीन तुकडे एकाच पानातून आले होते हे कोणालाही कधीच कळणार नाही. आबांना मी नवा तक्ता दाखवला. त्यांनी तालुक्याच्या नावावर बोट ठेवले, थोडा विचार केला आणि मान डोलावली.

नोंदी २०२३ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाल्या. खाते कोणा एकाच्या खाजगी ईमेलवर न ठेवता विभागाच्या पत्त्यावर घेतले होते, कारण जेनबँकेतील नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार ती देणाऱ्याकडेच राहतो, आणि विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याचा पत्ता बंद पडतो. त्याचा उपयोग वर्षभरातच झाला. नानांच्या निरोप समारंभानंतर मी त्यांना मोबाइलवर चौदाव्या नमुन्याची नोंद उघडून दाखवली. इंग्रजी अक्षरांत तारीख होती, सात सप्टेंबर. त्यांनी विचारले, “ही कोणत्या दिवसाची, ताई?” मी म्हटले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, तुमच्याच वहीतली. ते थांबले. म्हणाले, “त्या दिवशी गेलो होतो खरा. पण पाऊस लागला, पान ओलं होतं, मग नाही काढलं. वहीत लिहून ठेवलं होतं आधीच. पान काढलं ते दुसऱ्या दिवशी.”

विभागप्रमुखांचे मत होते की एका दिवसाने काही बिघडत नाही. ते बहुधा खरेही असेल. क्रम बदलला तरच नोंदीचा आवृत्ती क्रमांक वाढतो, तारीख बदलली तर वाढत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती बाहेरून कोणाच्या लक्षातही येणार नव्हती. त्या रात्री मी बेथेस्डाला पत्र लिहिले. त्या नमुन्याच्या तीन तुकड्यांच्या तीन नोंदी आणि कच्च्या वाचनांच्या नमुन्याची एक, अशा चार ठिकाणी तारीख बदलून आठ सप्टेंबर करावी, अशी विनंती केली. कारणाच्या जागी लिहिले की ७ तारखेला पाऊस होता.